दारापाशी एकच यंत्र

आमच्या गॅरेजच्या दारापाशी एकाच यंत्राला जागा आहे. उन्हाळ्यात तिथे गवत कापायचा मोवर असतो, हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ उचलून बाजूला फेकणारा स्नोब्लोअर. वर्षातून दोनदा त्यांची अदलाबदल होते. एक पुढे येतो, दुसरा सायकली आणि मोडक्या खुर्च्यांच्या आड मागच्या भिंतीला जातो. पहिल्या वर्षी हे काम मी दहा मिनिटांत उरकलं होतं. ढकललं, ओढलं, वर जुनी चादर टाकली, झालं. आता याला प्रत्येक वेळी अख्खी सुट्टी जाते आणि पुढचे दोन दिवस हाताचा ऑइलचा वास जात नाही.

स्नोब्लोअर आम्हाला घरासोबतच मिळाला. आधीचे मालक तो गॅरेजमध्ये ठेवून गेले, टाकीत पेट्रोलही होतं. मला वाटलं, चला, बरं झालं. त्या हिवाळ्यातला पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा नवरा कामासाठी बाहेरगावी होता. सकाळी दार उघडलं तर बर्फ गुडघ्याच्या वर, आणि रस्ता साफ करणाऱ्या गाडीने आमच्या वाटेच्या तोंडाशी घट्ट दाबलेल्या बर्फाचा बांध घालून ठेवलेला. मी चोक ओढला, प्रायमरचा रबरी फुगा तीनदा दाबला आणि दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. विसाव्या वेळी इंजिन एकदा खोकलं, तेवढ्यावर मी पुढच्या वीस वेळा आशेवर ओढली. मग खांदा गेला आणि फावडं हातात आलं. वाट मोकळी व्हायला साडेतीन तास लागले.

संध्याकाळी सासऱ्यांना व्हिडिओ कॉल केला. बाबा कारखान्यात फिटर होते. त्यांनी बर्फ पाहिला तो फ्रीजमधला, आणि स्नोब्लोअर तर त्या दिवशी पहिल्यांदाच. पण इंजिन म्हणजे इंजिन. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "ठिणगी येते का?"

ठिणगी पाडणारा प्लग इंजिनातून काढला, त्याला त्याची टोपी लावली, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवून धरला आणि हळूच दोरी ओढली. निळी ठिणगी दिसली.

"मग पेट्रोल कधीचं आहे?"

मी गप्प.

"अगं, झाकण उघड आणि वास घे."

घेतला. पेट्रोलचा झणझणीत वास डोक्यात जातो, तसा तो नव्हताच. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, कुबट गोडसर वास होता. बाबा म्हणाले, "टाकी रिकामी कर. आणि कार्ब्युरेटरची वाटी खोल. तिथे काय बसलंय ते बघू."

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, आणि वाटी म्हणजे त्याच्या तळाशी असलेलं छोटं भांडं. त्यात पेट्रोलचा थोडा साठा राहतो आणि एक तरंगता फ्लोट त्याची पातळी सांभाळतो. आमच्या इंजिनात ही वाटी खालून एकाच बोल्टने धरलेली आहे, आणि तो बोल्ट म्हणजेच मुख्य जेट, त्याच्या बारीक भोकातून पेट्रोल इंजिनाकडे जातं. गॅरेजचं दार अर्धं उघडं, बोटं गारठलेली, फोन रंगाच्या डब्यावर टेकवलेला. पेट्रोलचा कॉक बंद केला, खाली ताट धरलं आणि पान्याने बोल्ट सैल केला. वाटीच्या तळाला तपकिरी डिंकासारखा थर होता, बोटाला चिकटणारा. जेट पितळी, त्यातलं भोक मिलिमीटरभरही नाही. दिव्यासमोर धरलं तर पलीकडचं काही दिसेना. मी टाचणी शोधायला उठले तसे बाबा ओरडले, "टाचणी नको! भोक मोठं झालं की जन्मभर जास्त पेट्रोल पिईल ते." मग टाकाऊ वायरचा तुकडा सोलून तांब्याची एकच बारीक तार घेतली, कार्ब क्लीनर फवारला आणि ती तार आत-बाहेर फिरवली. दोन-तीनदा तसं केलं. पुन्हा दिव्यासमोर धरलं तेव्हा आत सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. त्या उजेडाचा मला जेवढा आनंद झाला तेवढा घराच्या किल्ल्या हातात आल्या तेव्हाही झाला नव्हता.

ताजं पेट्रोल घातलं, यंत्र बाहेर ओढून नेलं आणि तिसऱ्या दोरीला ते सुरू झालं. बाहेर नेलं हे महत्त्वाचं. गॅरेजमध्ये इंजिन चालवायचं नाही, दार सताड उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि आमच्या गॅरेजचं एक दार थेट स्वयंपाकघरात उघडतं.

पेट्रोल नासतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंडीत इंजिन पेटायला नेमके तेच लागतात. उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू डिंकाळ होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर आणखी एक भानगड. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीतून नळी निघते तीही तळाशीच. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो पाण्याचा. छोट्या इंजिनांच्या बहुतेक पुस्तिका साध्या पेट्रोलला महिनाभराचीच मुदत देतात. आमच्या टाकीतलं आदल्या हिवाळ्याचं होतं.

उन्हाळ्यात भरलेल्या कॅनमधलं पेट्रोल हिवाळ्यात वापरू नये याला दुसरंही कारण आहे. थंड प्रदेशात हिवाळी पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं बनवतात, उन्हाळी तसं नसतं. मोवरसाठी आणलेला कॅन मी आता सप्टेंबरच्या शेवटी कारच्या टाकीत रिकामा करते. कारच्या मोठ्या टाकीला तेवढी भेसळ चालते, फक्त पेट्रोल महिना-दोन महिन्यांचंच हवं आणि त्यात टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं नको.

ठेवणीच्या यंत्राची टाकी रिकामी ठेवायची की भरलेली, यावर दोन तट आहेत आणि दोन्हीकडचे लोक हट्टी. रिकामी ठेवा म्हणणारे सांगतात, नसेल तर नासणार काय? भरून ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की रिकाम्या पत्र्याच्या टाकीत दमट हवा शिरते, आतून पाणी सुटतं, गंज चढतो. मी दोघांचंही ऐकते. मोवरची टाकी लहान आणि प्लास्टिकची आहे, ती पूर्ण रिकामी करते. स्नोब्लोअरची पत्र्याची आहे. तिच्यात ताजं पेट्रोल गळ्यापर्यंत भरते आणि पेट्रोल लवकर नासू न देणारं स्टॅबिलायझर बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालते. मग इंजिन दहा मिनिटं चालवते म्हणजे ते मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. त्यानंतर इंजिन चालू असतानाच कॉक बंद करायचा. ते अडखळतं, बंद पडतं. चोक ओढून पुन्हा सुरू केलं की चार श्वास घेऊन परत मरतं. वाटी कोरडी झाली. हे दहा मिनिटांचं काम टाळून नुसतं टाकीत स्टॅबिलायझर ओतून ठेवणं म्हणजे औषध आणून कपाटात ठेवण्यासारखं. जेट तसाच जुन्या पेट्रोलात भिजत राहतो.

वसंतातली अदलाबदल मनाला जास्त जड जाते. मार्चच्या शेवटी स्नोब्लोअरचं तोंडही पाहावंसं वाटत नाही. पण त्याच्यावर जे काही व्हायचं ते नेमकं तेव्हाच करावं लागतं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याच्या पोटात बसलेलं असतं आणि ओल आली की ते लोखंड खायला लागतं. मी आधी बादलीने पाणी टाकून मीठ काढते, मग फडक्याने पुसून अर्धा दिवस उन्हात ठेवते. दाबाच्या पाण्याचा फवारा मारत नाही. तो बेअरिंगमध्ये शिरतो आणि ग्रीस बाहेर काढतो.

मग येतात शिअर पिना. त्यांच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात मोठी चूक मी तिथेच केली. पुढे जो मळसूत्रासारखा फिरणारा ऑगर असतो, तो मधल्या दांड्याला मऊ धातूच्या पिनांनी जोडलेला असतो. बर्फात लपलेला दगड किंवा गोठलेलं पायपुसणं ऑगरमध्ये अडकलं की पिन तुटते, ऑगर सैल होऊन थांबतो आणि मागचा गिअरबॉक्स वाचतो. तुटण्यासाठीच ती बनवलेली. पहिल्या हिवाळ्यात माझी एक पिन तुटली. डब्यात तेवढ्याच जाडीचा चांगला मजबूत बोल्ट होता, मी तो घातला आणि आठवडाभर मिरवत होते. बाबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. "अगं, फ्यूजच्या जागी खिळा घातलास की तू!" पुढचा दगड त्या बोल्टला अडला असता तर दात तुटले असते ते गिअरचे. आता त्याच यंत्राच्या दोन जादा पिना मुठीला तारेने बांधलेल्या असतात.

पिनेची दुसरी बाजू मला दुसऱ्या वर्षी कळली. पुस्तिकेत लिहिलं होतं की हंगाम संपला की पिना काढा, ऑगर दांड्यावर हाताने फिरवा आणि निपलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोंडातून, ग्रीस भरा. मी प्लगची टोपी काढून पिना बाहेर काढल्या आणि ऑगर फिरवायला गेले. हलेना. इतकी वर्षं कोणी ग्रीस घातलं नव्हतं, आतल्या गंजाने ऑगर आणि दांडा एकजीव झाले होते. म्हणजे पिन तुटूनही ऑगर थांबला नसता. फ्यूज उडाला तरी वीज चालूच, असला प्रकार. पेनिट्रेटिंग ऑइल मारलं, रात्रभर ठेवलं, लाकडी हातोड्याने ठोकलं, परत ऑइल मारलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी पिळताना कर्र असा आवाज झाला आणि एक बाजू बोटभर सरकली. दुसरी बाजू सुटायला आणखी आठवडा गेला. निपलमधून ग्रीस भरलं तेव्हा दुसऱ्या टोकातून आधी लाल चिखल आला, मग काळं ग्रीस, आणि शेवटी स्वच्छ. आता हे काम दर वर्षी पाच मिनिटांत होतं.

खाली घासल्या जाणाऱ्या पट्टीची आणि दोन्ही बाजूंच्या पायांची झीज तेव्हाच बघून घेते. पाय एका बाजूला जास्त झिजले असतील तर यंत्र तिरकं चालतं आणि पट्टी जमीन खरवडते. बेल्टला भेगा आहेत का ते बघते. बर्फ फेकणाऱ्या तोंडाला आतून सिलिकॉनचा फवारा मारते म्हणजे ओला बर्फ चिकटत नाही. ते तोंड तुंबलं तर हात घालायचा नाही, हे तर लहान मुलालाही सांगून ठेवावं. इंजिन बंद केल्यावरसुद्धा बेल्टमध्ये ताण उरलेला असू शकतो आणि आतला पंखा एक हिसका देऊ शकतो. त्यासाठी यंत्रावरच एक काठी अडकवलेली असते.

मोवरची पाळी ऑक्टोबरमध्ये. पहिलं काम प्लगची टोपी काढून बाजूला वाकवणं. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन फिरतं आणि गरम इंजिन एवढ्यावरही पेटू शकतं. दुसरं काम यंत्र आडवं करणं, आणि इथे मी पहिल्या वर्षी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. ज्या बाजूला जागा होती त्या बाजूला आडवा केला. ती एअर फिल्टरची बाजू निघाली. ऑइल फिल्टरमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये उतरलं. नंतर सुरू केला तेव्हा पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की समोरच्या घरातले लोक खिडकीत आले. फिल्टर कागदाचा होता, ऑइलने भिजलेला कागद काही धुता येत नाही, फेकावा लागला. एअर फिल्टर नेहमी आभाळाकडे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ऑइल मी आडवं करण्याआधी बदलते, इंजिन पाच मिनिटं चालवून. कोमट ऑइल पातळ होतं आणि मळ घेऊन बाहेर येतं. जुनं ऑइल गडद कॉफीच्या रंगाचं निघतं. ते गटारात नाही, बाटलीत भरून टाकाऊ ऑइल घेणाऱ्या केंद्रात जातं. नवं साधारण अर्धा लिटरच्या वर-खाली लागतं, पण मी ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काडीवरच्या खुणेवर जाते, आकड्यावर नाही. ऑइलच्या घट्टपणाचे नंबर असतात: मोवरला एसएई 30 आणि स्नोब्लोअरला 5डब्ल्यू-30. कडाक्याच्या थंडीत मोवरचं एसएई 30 इतकं घट्ट होतं की दोरी ओढताना इंजिनच आपल्याला ओढतंय असं वाटतं.

पात्याच्या खालच्या पोकळीत वाळलेल्या गवताचा जो थर बसतो तो मी लाकडी पट्टीने खरवडते. ओलं गवत चिकटून राहिलं की त्याखाली पत्रा सडतो. आमच्या मोवरच्या कडेला एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक पडलंय ते तसंच, पहिल्या वर्षीच्या कृपेने.

पात्याला धार लावणं हे मात्र माझं आवडतं काम. पातं आणि पत्र्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून बोल्ट सोडवायचा. काढण्याआधी खालच्या बाजूवर खडूने फुली मारते, नाहीतर उलटं बसतं आणि मग गवत कापण्याऐवजी नुसतं झोडपतं. पातं व्हाइसमध्ये धरून मूळ उतार न बदलता, साधारण 30 अंशांवर, कानस एकाच दिशेने चालवायची. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्याच काडीला मुडपते. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांनी शेंडे पांढरट दिसायला लागले तर दोष पाण्याचा नसतो. धार झाली की पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवते. जी बाजू खाली झुकते ती जड, तिच्यावर कानस आणखी चार वेळा. पातं आडवं स्थिर राहिलं की झालं. तोल गेलेलं पातं मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा हाताला मुंग्या येतात आणि इंजिनाच्या दांड्याला इजा व्हायची भीती वेगळीच.

शेवटी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत, दोरी सावकाश चार-पाच वेळा, आणि जिथे दोरी जड लागते तिथे थांबायचं. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, बाहेरची दमट हवा आत जात नाही. वसंतात सुरू करताना थोडा निळा धूर येतो, तो घाबरण्यासारखा नाही.

बाकी किरकोळ. कडेचं गवत छाटायचा ट्रिमर टू-स्ट्रोक आहे, म्हणजे त्याचं ऑइल पेट्रोलातच मिसळायचं, लिटरला 20 मिली. ते मिश्रण उरलं तरी ठेवत नाही, टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवते. पानं उडवायच्या यंत्राची लिथियम बॅटरी अर्धी भरलेली ठेवून घरात आणते. शून्याखाली ती चार्ज करायची नाही. पाण्याचे पाइप रिकामे करून गुंडाळते. मीठ फेकायची गाडी धुते. पेट्रोलची यंत्रं मात्र कधीच घरात, बॉयलरच्या आसपास ठेवत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत ज्योतीपर्यंत जाते.

प्रत्येक यंत्राच्या मुठीला आता रंगाऱ्याच्या टेपचा तुकडा असतो. त्यावर तारीख आणि आठवणी: ऑइल बदललं. टाकी रिकामी. प्लग हातानेच बसवलाय, पान्याने आवळायचा बाकी. गेल्या वर्षी मोवरवर आणखी एक ओळ होती: "सायलेन्सरमध्ये बोळा आहे, काढल्याशिवाय सुरू करू नये." उंदीर थंडीत तिथे घर करतात म्हणून बाबांनी सुचवलं होतं. त्यांनी सांगितली होती स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांचा गुंता. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून मी जुन्या सुती ओढणीचा बोळा कोंबला.

यंदा एप्रिलमध्ये चादर काढली, टेप वाचली, वाकून पाहिलं तर बोळा जागेवर नव्हता. टॉर्च घेऊन सगळीकडे शोधला. मग इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण उघडलं. आत पंख्याला लागून नीट विणलेलं, गोल, उबदार घरटं होतं, आणि त्याच्या कडेने माझ्या ओढणीची जांभळी किनार दिसत होती.